परक्या मैदानावरचे दोन गोल

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १९ मार्च १९८९

संदर्भ : आईच्या नावे आलेले तुझे दि. ६ मार्चचे पत्र

काळुराम,

नावाआधी काय लिहावे हे ठरेना, म्हणून मायना कोरा ठेवला आहे. अठ्ठावीस वर्षे मी मुलांना पत्रलेखन शिकवतो, सध्या अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला. मायन्याला एक गुण असतो. तो आज माझा गेला.

अक्षर तुझ्या ओळखीचे आहे. तू दोह्याला गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, दर महिन्याला याच अक्षरातले एक पत्र तुला मिळते. परंतु ती पत्रे आईची. ती सांगते, मी लिहितो. तुझे उत्तर कोलशेतला तिच्या नावे येते आणि तिला ते वाचून दाखवायलाही रविवारी मीच डोंबिवलीहून जातो. इतकी पत्रे माझ्या हातून गेली आणि आली, पण त्यांत तू आणि मी परस्परांशी एक शब्दही बोललेलो नाही. हे पत्र मात्र माझे आहे. आईला ते ठाऊक नाही.

तुझे पत्र आज सकाळी तिला वाचून दाखवले. तू ज्या मैदानाच्या गवताची निगा राखतोस, तेथे ७ एप्रिलला आशियातील सर्व क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होणार, तुमच्या दोह्याचा अल सद्द संघ त्यात बगदादच्या अल रशीदविरुद्ध खेळणार, आणि त्याआधी ३१ मार्चला हेच दोन संघ बगदादला खेळणार, हे मी तिला दोनदा समजावून सांगितले. तिने विचारले, "आशिया म्हंजे कवरा रं? ठान्याएवरा?" मी म्हटले, आपल्या खाडीपासून थेट जपानपर्यंत. त्यावर क्षणभर विचार करून ती म्हणाली, "मंग त्याला लिव, पानी बेतानं घाल म्हनावं. कोन घसरून परला त नाव आपलं जाल."

हे वाक्य तिच्या पत्रात मी 'कामात काळजी घे' असे लिहिले आहे. मूळ वाक्य अधिक चांगले होते, म्हणून येथे नोंदवतो.

आता मुद्द्याकडे येतो. तुझा ठेकेदार आणखी तीन वर्षांच्या करारावर सही मागतो आहे, ३१ मेपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आणि 'आई, सही करू की घरी येऊ?' असे तू विचारले आहेस. त्याखाली तुझे शेवटचे वाक्य आहे : 'आलो तरी दादूसच्या दारात पाय ठेवणार नाही. तो वाचेल तेव्हा त्याला कळेलच.'

तुझ्या दादूसला, म्हणजे मला, कळले. आईला मात्र ते वाक्य मी वाचून दाखवले नाही. तेथे थांबलो तर तिने विचारले, "काय झायला? अक्षार लागत नाय?" मी म्हटले, शाई पसरली आहे.

१९७७ च्या निर्णयाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे. कोलशेतच्या स्पर्धेचा मी चिटणीस होतो. अंतिम सामन्यात आपल्या गावाच्या संघाने कल्याणच्या संघाला तुझ्या एका गोलने हरवले. त्याच मोसमात तू दुसऱ्या एका संघाकडून खेळला होतास, अशी कल्याणकरांनी लेखी हरकत घेतली. चौदाव्या नियमाप्रमाणे असा खेळाडू अपात्र. मी तुला अपात्र ठरवले आणि चषक त्यांना दिला. खेळाडूंना नोकरी देणाऱ्या एका कंपनीचे अधिकारी संघ निवडायला आले होते, ते पुन्हा फिरकले नाहीत, तुझी मिळायची नोकरी गेली, याची मला जाणीव आहे. परंतु चिटणिसाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला भाऊ नसतो.

आमच्या शिक्षण संस्थेने शीळफाट्याजवळ विद्यार्थ्यांच्या मैदानासाठी जागा घेतली आहे. गवत लावून ते जगवू शकेल असा माणूस त्यांना हवा आहे. मी शिफारस केलेली नाही. फक्त चौकशी केली आहे. तू परत यावेस, असे माझे मत आहे.

गुणाजी

◆

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, ४ एप्रिल १९८९

विषय : बगदाद येथील पराभव

काळुराम,

परवाच्या वर्तमानपत्रात क्रीडा पानाच्या तळाशी एक ओळ होती. अल रशीद ३, अल सद्द २. तुला वाईट वाटले असेल, म्हणून तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो.

स्थिती निराशाजनक नाही. शुक्रवारी तुमचा संघ दोन गोलांच्या फरकाने जिंकला तर अजिंक्यपद तुमचे. एकाच गोलने, म्हणजे १-० असा जिंकला, तर दोन्ही सामने मिळून ३-३ अशी बरोबरी होईल आणि तिसरा सामना घ्यावा लागेल. तेव्हा खेळाडूंनी दोन गोलांचे लक्ष्य ठेवणे इष्ट.

हे लिहीत असताना तुझी वहिनी मागे उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, "अकरा वर्षांनी भावाला पत्र लिहिताय, त्याला विषय कसला घालताय? खाली 'आपला विश्वासू' लिहा म्हणजे झालं." मी तिला सांगितले, विषय घातल्याने वाचणाऱ्याची सोय होते. ती म्हणाली, "लिहिणाऱ्याचीच होते. बाकीच्या विषयांना हात लावायला नको."

नीलाचे म्हणणे तुला कळवण्याचे कारण नव्हते. तरी लिहून गेलो आहे, आता खोडत नाही.

रविवारी आईला ही बातमी सांगितली. मला वाटले होते ती खट्टू होईल. ती बोंबील निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "दुसऱ्याच्या घरा जावून दोन मारलं ना? बस की. दुसऱ्याच्या घरात मारलेलं कवापन जर असतंय." मी तिला समजावले की गोल हा गोलच असतो, तो कोठे झाला यावरून तो जड ठरत नाही, बेरीज ही बेरीज. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू घरातच खेललास रं आयुश्यभर. तुला नाय कलायचा."

मी कोणताच खेळ कधी खेळलेलो नाही, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "त्येच."

तुझे उत्तर नाही. टपालाला एका बाजूने आठवडा लागतो हे धरूनही ते यायला हवे होते. तू पत्र फाडले असलेस तरी हेही फाडण्यापूर्वी शीळफाट्याची ओळ वाच. जूनच्या मध्यात मुलाखती आहेत.

गुणाजी

◆

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १६ एप्रिल १९८९

काळुराम,

या पत्राला विषय आहे, पण तो वर लिहिण्याचे धैर्य नाही. क्रमाने सांगतो.

गेल्या रविवारी वर्तमानपत्रात आले : दोह्यात अल सद्दने अल रशीदचा १-० असा पराभव करून आशियाई अजिंक्यपद पटकावले. ते वाचून मला आनंद झाला नाही, छपाईची चूक वाटली. तीन आणि दोन, शून्य आणि एक. दोन्हींकडे तीन. बरोबरीत अजिंक्यपद कसे? मी त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहिले. 'आपल्या अंकातील वृत्तात गंभीर दोष राहिला असून वाचकांची दिशाभूल होत आहे,' अशी त्याची सुरुवात होती. दोन्ही सामन्यांची बेरीज मांडून दाखवली, खुलासा मागितला आणि पत्र पेटीत टाकले.

बुधवारी कामानिमित्त कल्याणला गेलो होतो. तेथे हरिहर भेटले. तुला आठवत असतील. रेल्वेत होते, पंचगिरी करत, १९७७ च्या त्या अंतिम सामन्यातही शिट्टी त्यांच्याच तोंडात होती. आता निवृत्त झाले आहेत. चहा घेताना मी त्यांना छपाईच्या चुकीबद्दल सांगितले, तर ते इतके हसले की बशीत चहा सांडला.

"अहो तांडेल मास्तर," ते म्हणाले, "बरोबरी झाली की परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त, तो जिंकतो. दोह्याच्या पोरांनी बगदादमध्ये दोन मारले. बगदादवाल्यांना दोह्यात एकही मारता आला नाही. संपलं! जुना नियम आहे हा, युरोपात पंचवीस वर्षं चालतोय."

मी विचारले, असे का? गोल तर सारखाच.

"सारखा कसा? तिथे मैदान तुमचं नाही, माणसं तुमची नाहीत, ओरडतात ती सगळी तुमच्या विरुद्ध. तिथे जाऊन मारायचा म्हणजे छाती लागते. तो जड धरायलाच हवा." मग बशी पुसता पुसता ते म्हणाले, "तुमची एक खोड मात्र गेली नाही. नियम अर्धा वाचायचा आणि निकाल पुरा द्यायचा."

ते थट्टेने म्हणाले. माझ्या हातातला कप मला खाली ठेवावा लागला.

काळुराम, आता मी जे लिहितो ते तू दोनदा वाच, कारण मी ते एकदाच लिहू शकेन.

१९७७ साली जानेवारीत जिल्हा संघटनेकडून एक परिपत्रक आले होते. आवक क्रमांक ४१, दिनांक ११ जानेवारी, खाली सही गु. दा. तांडेल. चौदाव्या नियमातील दुरुस्तीचे ते परिपत्रक होते. पहिल्या पानावर नियम होता आणि तळाशी 'मागे पहा' असे छापलेले होते. मी ते मागे पाहिले नाही. क्रमांक घातला, सही केली, फाइलला लावले. मागच्या पानावर लिहिले होते की दुसऱ्या संघाकडून केवळ मैत्रीपूर्ण सामना खेळलेला खेळाडू अपात्र ठरणार नाही.

२० फेब्रुवारीला मैदानावर तू घामाने निथळत माझ्या टेबलासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "दादूस, ती मॅच दोस्तीची होती. डोंबिवलीच्या पोरांना एक मानूस कमी पडला म्हनून उभा राहिलो." मी म्हटले, "नियमात दोस्तीचा उल्लेख नाही." उल्लेख होता. माझ्याच फाइलमध्ये, माझ्याच सहीच्या मागे होता. समितीची बैठक बोलावण्याचा अधिकार मला होता, तीही मी बोलावली नाही. पाच मिनिटांत निकाल दिला. तेव्हा मला वाटले होते, भावाला वाचवले असे कोणी म्हणू नये म्हणून मी तत्परता दाखवतो आहे. खरे सांगायचे तर सगळे गाव माझ्याकडे पाहत होते आणि मला ते आवडले होते.

आता याहून वाईट. हे मला आज कळलेले नाही. १९८२ मध्ये या घरात राहायला येताना जुन्या फाइली चाळल्या, तेव्हा ते मागचे पान मी वाचले. जमिनीवर बसून वाचले. नंतर ते होते तेथेच लावून ठेवले. नीलालाही सांगितले नाही. प्रथम स्वतःशी म्हटले की ही गोष्ट पत्राने कळवण्याची नाही, समोर सांगितली पाहिजे. मग तू १९८३ मध्ये आणि १९८६ मध्ये रजेवर कोलशेतला आलास. त्या रजेतल्या एकाही रविवारी मी तिकडे फिरकलो नाही. परीक्षा आहेत, असे आईला कळवले. परीक्षा नव्हत्या.

पहिल्या पत्रात मी तुला चिटणिसाच्या खुर्चीबद्दल एक वाक्य लिहिले. ते लिहिताना ते खोटे आहे हे मला माहीत होते.

आज आईकडे गेलो होतो. तुमच्या विजयाची गोष्ट आणि परक्या मैदानाचा नियम तिला सांगितला. ती आश्चर्यचकित वगैरे झाली नाही. "मी बोल्लीच हुती," म्हणाली आणि तुला पत्र लिहायला बसवले. नेहमीप्रमाणे मी शुद्ध करून लिहू लागलो. मग थांबलो. दर पत्रात ती एक वाक्य सांगते आणि दर पत्रात मी ते गाळतो, हेही तुला कळले पाहिजे. आजही तिने सांगितले. या वेळी जसे ऐकले तसे लिहितो :

"दादूस बोलत नाय, पन त्याच्या पोटात कायतरी हाय. त्याला तू इचार. मना त्यो सांगायचा नाय, मी आयस हाय, मना लाज वाटंल म्हनून."

तू विचारण्याची वाट पाहिली नाही. सांगितले आहे.

सही करायची की नाही, हे आता माझ्या मताशिवाय ठरव. माझ्यामुळे तुला जावे लागले. माझ्यामुळे तू यायचे टाळू नयेस, एवढीच इच्छा आहे.

गुणाजी

ता. क. परिपत्रकाची दोन्ही पाने सोबत जोडली आहेत. मूळ प्रत आहे. नक्कल ठेवलेली नाही.

◆

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १४ मे १९८९

काळुराम,

तुझे उत्तर गेल्या रविवारी मिळाले. म्हणजे आईला मिळाले. तू ते तिच्याच नावे पाठवलेस आणि मला तिच्यासमोर मोठ्याने वाचावे लागले. तुझा उद्देश तोच असावा. शाई पसरल्याचे या वेळी सांगता आले नाही.

सामन्याबद्दल तू लिहिलेले तिला तीनदा वाचून हवे होते. गोल झाला त्या बाजूचे गवत तू हिवाळ्यात दोनदा लावले होतेस, तिसऱ्यांदा ते जगले, आणि शिट्टी वाजल्यावर सगळे खेळाडू त्याच तुकड्यावर लोळले, तेव्हा तू ओरडत होतास की 'अरे, उठा, गवत मोडतंय' आणि तुझ्याबरोबरचे केरळचे सोबती तुला खांद्यावर घेत होते. आई डोळ्यांना पदर लावून हसत होती. तुला इतके लांब वर्णन लिहिता येते हे मला माहीत नव्हते. माझ्या हाताखाली असतास तर तुला दहापैकी नऊ दिले असते.

मग तो परिच्छेद आला. तो मी न अडखळता वाचला, याची नोंद घे. 'आई, दादूसने मला कागद पाठवला. मी वाचला. त्याला सांग, मला एकट्याला पत्रात सांगून काय उपयोग? माझ्याबरोबर दहा जण होते, ते सगळे कोलशेतात आहेत. चषक गावाचा गेला. गावकीसमोर उभा राहून सांग म्हणावं. मग बघू.'

आईने डोळ्यांवरचा पदर काढला. मग विचारले, "कसला कागुद?"

मी तिला सांगितले. सगळे सांगितले, आणि ते सांगताना मला दिसले की तिला लाज वाटेल ही माझी भीती अनाठायी होती. ती रागावली. तिने मला लहानपणी द्यायची त्या शिव्या दिल्या आणि मग जेवायला वाढले.

आज सकाळी दहा वाजता गावदेवीच्या देवळासमोर गावकी बसली. मी निवेदन टंकलिखित करून नेले होते, एक पान आणि तीन ओळी. गोमाजी पाटील अध्यक्ष होते. तुझ्या संघातले नऊजण हजर होते. एकजण होडीवर होता. मी उभा राहून वाचू लागलो. 'सन १९७७ च्या स्पर्धेसंदर्भात तत्कालीन चिटणीस या नात्याने माझ्याकडून जी अक्षम्य अनवधानता घडली...' येथपर्यंत आलो आणि मागून दगडाबाईंचा आवाज आला, "ह्यो काय सत्यनारायन सांगतंय का? मानसासारका बोल की!"

लोक हसले. मी कागद घडी करून खिशात ठेवला. मग मला बोलावे लागले. कसे बोललो ते मला नीटसे आठवत नाही, परंतु नीला म्हणते की मी कोलशेतच्या बोलीत बोललो. तीस वर्षांत ती बोली तिने माझ्या तोंडून ऐकलेली नव्हती. "पान उलटलं नाय. माजा भाव खरा बोलत व्हता, म्या आयकला नाय. नंतर मना कललं, तरी म्या गप रायलू." एवढेच बोलल्याचे मला आठवते. आई पहिल्या रांगेत बसली होती. ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "आता कलला त्यो काय बोलतंय त्ये."

तुमचा गोलरक्षक दगडू उठला. आता त्याचे पोट सुटले आहे, पण हात तेवढेच लांब आहेत. तो म्हणाला, "मास्तर, येक पान उलटायला बारा वर्सं? तुमच्या परीक्षेत पोरांना तीन तास देता ना?" पुन्हा हसे झाले. मग तो हसायचा थांबला. "आमचं काय," तो म्हणाला, "आमी आमच्या होड्यांवर गेलो. चषक नाय त नाय. पन काळ्याची नोकरी गेली. त्या दिवशी त्यो जर्सी काढून हितंच, ह्याच पायरीवर बसला व्हता. कोन बोलायला गेला नाय त्याच्याशी. आमीपन नाय. आमाला वाटला त्यानंच लबाडी केली."

काळुराम, मला वाटते तुझ्या संघाने माझ्यापेक्षा कमी नव्हे, जास्तच ओझे आज खाली ठेवले.

मी पाटलांना म्हटले, गावकीने मला योग्य तो दंड सांगावा, मी आत्ताच मान्य करतो. गोमाजी पाटलांनी मान हलवली. "ज्याचं गेलं त्यो हितं नाय. नसलेल्या मानसाचा निकाल ह्या गावकीनं कवा दिला नाय, आज काय म्हनून देवू? दंड त्यो सांगंल. पावसाला होड्या वर वढल्या का समदे पुरुस गावात असत्यात. अकरा जूनला, रविवारी, परत बसू. मास्तर, तुमी त्याला लिवा. नीट लिवा, गावकीचं बोलावनं हाय म्हनून."

बैठक संपली. मी पाच मिनिटांत दिलेला निकाल बारा वर्षे टिकला, आणि ज्यांना मी अडाणी समजत आलो त्यांनी तू नसताना माझ्यावरही निकाल द्यायला नकार दिला. यावर मला अधिक लिहिता येत नाही.

तेव्हा हे पत्र म्हणजे गावकीचे बोलावणे समज. रविवार, ११ जून १९८९, सकाळी दहा, गावदेवीचे देऊळ, कोलशेत. विषय : दंड ठरवणे. तुझी उपस्थिती आवश्यक आहे.

क्लबच्या खोलीतील विजेत्यांच्या फळीवर १९७७ समोर कल्याणच्या संघाचे नाव आहे. मी खोडायला निघालो होतो. दगडूने अडवले. म्हणाला, काळ्या आल्यावर काळ्याच लिहील.

गुणाजी

◆

डोंबिवली (पूर्व)
शनिवार, ३ जून १९८९

प्रिय काळुराम,

काल दुपारी तार आली. तारवाल्याने माझे नाव विचारले तेव्हा मी त्याला आईचा कोलशेतचा पत्ता सांगू लागलो. तो म्हणाला, "साहेब, तार तुमच्याच नावाची आहे." मी दोनदा पाहिले. गुणाजी दामाजी तांडेल, डोंबिवली पूर्व. आत चार शब्द. आठ तारखेला सहारला पोहोचतो.

करारावर सही केलीस की नाही, हे तारेत नाही. रजेवर येतोस की कायमचा, तेही नाही. मी विचारणार नाही. नीलाने माझ्याकडून तसे वचन घेतले आहे, आणि संस्थेच्या मुलाखतीची तारीखही मी तोंडाने सांगायची नाही असे बजावले आहे. म्हणून ती येथे लिहितो : १५ जून.

आईला तार वाचून दाखवायला आज मुद्दाम गेलो. शनिवारी मला दारात पाहून ती घाबरली. मग ऐकल्यावर म्हणाली, "दंड काय घेनार त्यो तुज्याकरनं? मी असती त तुला गोलात उभा केला असता आनि समद्या गावाला मारायला लावला असता." दगडूलाही ही कल्पना फार आवडली आहे, असे कळते. तो गावभर सांगत फिरतो आहे. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, याचा विचार करून निर्णय घ्यावास.

तू आमच्या घरी येणार की थेट कोलशेतला जाणार, हे तू ठरव. दोन्ही रस्त्यांची मी माहिती काढली आहे. नीलाने गादी उन्हात टाकली आहे. त्यावरून तू काही समजू नकोस, तिला गाद्या उन्हात टाकायची सवय आहे.

हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही. ते दोह्याला पोहोचेल तेव्हा तू खाडीकाठी असशील. तरी लिहिले, कारण तुला समोर पाहिल्यावर मला बोलता येईल याची मला खात्री देता येत नाही. सहार विमानतळाच्या दाराशी मी उभा असेन. काही न बोलता हे तुझ्या हाती देईन. वाचायला पाच मिनिटे लागतील. तेवढा वेळ तुझे सामान मी धरून उभा राहतो.

तुझा,
दादूस